गाठीची साक्ष

साकोली तालुक्यात धानाच्या रोवणीची लगबग सुरू झाली, की बांधीत दिवसभर वाकणाऱ्या एखाद्या बाईच्या स्तनातील, हाताला लागणारी पण न दुखणारी गाठ ‘रोवणी आटोपू दे’ म्हणून बाजूला सारली जाते. आणि अखेर भंडारा ओलांडून नागपुरास पोहोचल्यावर, गाठ केवढी आहे या प्रश्नाच्या जोडीला तिच्या पेशींत कोणती प्रथिने आहेत हेही डॉक्टर तपासावयास सांगतात, तेव्हा घरची मंडळी विस्मित होतात.

वस्तुतः उपचाराची दिशा प्रथिनांच्या याच साक्षीवरून ठरते. अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांचा स्तनाचा कर्करोग ओसरतो, हे ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली दाखविले. त्यामागचे कारण असलेले, इस्ट्रोजेन या अंडाशयाच्या संप्रेरकाचे ग्राहक प्रथिन अर्धशतकाहून अधिक काळाने उमगले. आज मेणाच्या ठोकळ्यात बसविलेल्या गाठीचा केसाहूनही पातळ काप काचपट्टीवर घेऊन रंगविला, की हे प्रथिन असलेल्या पेशींची केंद्रके तपकिरी उमटतात, आणि अशा रुग्णेस टॅमॉक्सिफेनसारख्या गोळीचा आधार मिळतो. एचईआर-२ हे प्रथिन अतिरिक्त असेल तर पेशीची कड गडद दिसते. त्यावरील ट्रॅस्टुझुमॅब या औषधास अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. केआय-६७ हे प्रथिन पेशीविभाजनाचा वेग सांगते. बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम या संस्थेच्या संस्थापक डॉ. मंजिरी बाकरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर पाच प्रथिने, गाठीचा आकार, तिची श्रेणी आणि काखेतील लसीकाग्रंथींची स्थिती यांचा एकत्र हिशेब मांडून, संप्रेरक-ग्राहक असलेला पण एचईआर-२ नसलेला रोग आरंभीच्या अवस्थेत असताना तो पाच वर्षांत उलटण्याचा संभव अजमावणारी चाचणी सिद्ध केली. केमोथेरपीचा निर्णय घेताना तिचे साह्य होते.

मात्र ही सारी साक्ष पहिल्या तासावर अवलंबून असते. काढलेला तुकडा तासाभराच्या आत दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये न जाता तसाच वाळला वा नुसत्या मिठाच्या पाण्यात राहिला, तर प्रथिने नष्ट होऊ शकतात, अहवाल खोटाच ‘नकारात्मक’ येऊ शकतो, आणि मग जिला साध्या गोळीने गुण आला असता ती स्त्री त्या गोळीलाच मुकते.

म्हणून गाठ काढण्यापूर्वी ‘तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवणार ना?’ एवढे निःसंकोच विचारावे. आणि शेताचा सातबारा ज्या काळजीने पेटीत जपतो, त्याच काळजीने अहवाल जपावा व मेणाचा ठोकळा कोठे ठेवला आहे याची नोंद घ्यावी. रोवणी मात्र त्यासाठी थांबली तरी चालेल.