रायसीना टेकडीवरचे घर: खानदेशातून पाहिलेले राष्ट्रपती भवन

जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या आणि १९६२ मध्ये जळगावातून, पुढे एदलाबाद म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून विधानसभेवर गेलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या. त्यामुळे दिल्लीचे राष्ट्रपती भवन पाहताना जळगाव-धुळ्याच्या प्रवाशाला थोडी आपुलकी वाटली, तर ती समजण्यासारखी आहे. मात्र ही वास्तू मुळात आपुलकीसाठी बांधलेलीच नव्हती.

१९११ च्या दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाल्यावर व्हाइसरॉयच्या निवासाचे काम एडविन लटयन्स या वास्तुविशारदाकडे आले आणि १९२९ मध्ये ३४० खोल्यांचे हे भवन पूर्ण झाले. त्याचा घुमट सांचीच्या स्तूपाची आठवण देतो, तर भिंतीबाहेर काढलेले दगडी छज्जे, म्हणजे ऊन-पाऊस अडवणाऱ्या रुंद पट्ट्या, देशी बांधकामातून उचललेले आहेत. गंमत अशी, की टेकडीच्या चढाची आखणी लटयन्सच्या मनासारखी न झाल्याने विजय चौकाकडून जवळ येताना भवनाचा बराचसा भाग दृष्टिआड होतो. या चढावरून सचिवालयांचे वास्तुकार हर्बर्ट बेकर यांच्याशी लटयन्सचे बिनसले.

भवनामागील सुमारे १५ एकरांची बाग, २०२३ पासूनचे अमृत उद्यान, चारबाग पद्धतीने आखली आहे. पाण्याच्या पाटांनी चौकोनी भाग पाडणारी ही मोगल रचना असून तिच्यात दोन पाट उत्तर-दक्षिण आणि दोन पूर्व-पश्चिम वाहतात व जेथे ते एकमेकांना छेदतात, तेथे कमळाच्या आकाराची कारंजी आहेत. फुलांच्या मांडणीत मात्र इंग्रजी हात दिसतो, कारण लागवड विल्यम मस्टो या उद्यानतज्ज्ञाने केली.

या घराचा ताठा पुढे कमी झाला तो पाडापाडीने नव्हे, तर रहिवाशांच्या वागण्याने. गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी व्हाइसरॉयचे दालन सोडून पाहुण्यांच्या लहान खोल्या पसंत केल्या आणि अन्नटंचाईच्या दिवसांत आवारात गहू पेरला, जे खानदेशातील शेतकऱ्याला कारंज्यांपेक्षा लवकर पटेल. राजेंद्रप्रसादांच्या काळात बाग लोकांसाठी खुली झाली, तर प्रतिभाताईंनी २००८ मध्ये ‘रोशनी’ हा उपक्रम सुरू करून ऊर्जाबचत, पाणी आणि कचऱ्याची व्यवस्था यांकडे लक्ष दिले. तापी-गिरणेच्या खोऱ्यातून आलेल्या व्यक्तीने पाण्याचा हिशेब मांडावा, यात नवल नाही.

आज मुख्य वास्तू, संग्रहालय आणि बाग अशा तीन भागांत भेट देता येते. भवन व संग्रहालय वर्षभर पाहता येत असले, तरी बागेचा खरा बहर फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. सोमवारी ती बंद असते, तेव्हा भुसावळहून दिल्लीची गाडी पकडणाऱ्याने वार पाहूनच तिकीट काढावे.