बालवाङ्मयातील जुने आणि नवे

मराठी घरांतून मुलांच्या वाचनाचा विषय निघाला म्हणजे दोन मते हटकून ऐकू येतात. एक मत असे की, आईवडिलांनी लहानपणी जी पुस्तके वाचली तीच मुलांनीही वाचावी, कारण त्या तोडीचे लेखन आता होत नाही. दुसरे मत असे की, काळ पालटला आहे. तेव्हा जुनी पुस्तके कपाटात राहू द्यावी आणि मुलांच्या हाती सर्वस्वी नवे द्यावे. पहिल्या मतात ममत्व आहे, दुसऱ्यात घाई आहे. परंतु जुन्या पुस्तकाने मुलासाठी नेमके कोणते काम केले, हा प्रश्न दोन्ही पक्षांकडून विचारावयाचा राहून जातो. त्याचे उत्तर हाती असल्यावाचून पर्यायाचा शोध म्हणजे निव्वळ अंधारातील चाचपणी होय.

वास्तविक पर्याय शोधण्याची ही खटपट मराठीत नवी नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ प्रसिद्ध केला, तो बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकावरून. इसापाच्या कथाही त्यांनी त्याच सुमारास मराठीत आणल्या. पुढे १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ आणि १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ ही मासिके निघाली. आज जुने म्हणून ज्याचा आदर होतो, ते सारे एके काळी आधीच्या वाचनाला शोधलेले नवे पर्यायच होते. तेव्हा नव्याचा शोध घेण्यात जुन्याचा द्रोह आहे, असे समजण्याचे कारण नाही.

आज मात्र या प्रश्नाला अधिक निकड आली आहे. शहरांतील पुष्कळ मराठी मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. घरात मराठी बोलली जाते. पण वाचनाची भाषा इंग्रजी होऊन बसते. आठ-दहा वर्षांच्या अशा मुलाच्या हाती पडलेले पहिलेच मराठी पुस्तक त्याला दुर्बोध वाटले, तर ते नुसते तेवढे एक पुस्तक मिटत नाही; कित्येकदा मराठी वाचनाचे दारच लागते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे उदाहरण घ्यावे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. त्यातील कोकण, सोवळेओवळे, सावकाराचा तगादा, यांपैकी काहीच आजच्या शहरी मुलाने पाहिलेले नसते. काही प्रसंग तर मुलाला कोड्यात टाकतात. पोहायला जाण्याच्या भीतीने लपलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास ती त्याला सांगते, आणि नंतर स्नान करावयासही सांगते. मोळी उचलून देणे चांगले, तर मग स्नान कशाला, असे चलाख मूल विचारणारच.

हा प्रश्न टाळण्यासाठी पुष्कळ पालक संक्षिप्त आवृत्तीचा आश्रय करतात. पर्याय म्हणून हा मार्ग सर्वांत सोपा, आणि बहुधा सर्वांत फसवा. ‘श्यामची आई’ या पुस्तकात कथानक थोडके. त्याचे सामर्थ्य आहे ते रात्रीमागून रात्र आठवणी सांगणाऱ्या आवाजात. आवाज काढून टाकला म्हणजे उरतो तो केवळ उपदेश. यापेक्षा मूळ पुस्तक दोन-तीन वर्षे उशिरा, पण मोठ्या माणसाने सोबत बसून वाचावे, हे बरे. मुलाच्या त्या अवघड प्रश्नाला उत्तर देता देता एका समाजाचा इतिहास सांगून होतो. आणि ते काम करणारे दुसरे पुस्तक सहजी सापडावयाचे नाही.

तोपर्यंत काय द्यावे? ‘श्यामची आई’ने मुलांना एक गोष्ट दिली: घरातील साधे प्रसंग, त्यातील लाज, रुसवा आणि माया ही शब्दांत सांगण्यासारखी असतात, ही जाणीव. हेच काम लहान वयासाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके करतात. ‘राधाचं घर’मध्ये एक छोटी मुलगी आपल्या घरातील माणसांची ओळख करून देते; ‘यश’ या मालिकेत एका मुलाच्या नित्याच्या आयुष्यातील प्रसंग येतात. चित्रेही लेखिकेचीच असल्यामुळे घर, सामान, माणसांचे बसणे-उठणे हे सारे मराठी घरातले वाटते. विषय म्हणून पाहिले तर या पुस्तकांचे श्यामच्या कथेशी फारसे साम्य नाही. कार्य म्हणून पाहिले तर नाते जवळचे आहे.

इसापनीतीविषयीही असाच विचार करता येईल. कोल्हा लबाड की कावळा मूर्ख, याचा निवाडा मुलाने करावा, यात त्या कथांची गोडी. शाळापुस्तकांनी शेवटी तात्पर्य जोडून तो निवाडा मुलाच्या हातून काढून घेतला. म्हणून येथे पर्याय शोधावयाचा तो प्राण्यांच्या नव्या कथांचा नव्हे, तर मुलाच्या बुद्धीवर भरवसा ठेवणाऱ्या पुस्तकाचा. पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’मध्ये मुलासमोर गजबजलेली चित्रे येतात, गोष्ट मुलाने आपली आपण रचावयाची असते.

साहसकथांची अडचण निराळी. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवरून पुणे पालथे घालतो आणि वडील माणसांना सुगावा लागण्यापूर्वी चोरांचा माग काढतो. आजच्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकट्याने जाऊ देत नाहीत. तरीही फेणे वाचवतो, कारण भागवतांची भाषा चपळ आहे. ज्या मुलाला त्यातील काळ परका वाटेल, त्याच्यासाठी दिलीप प्रभावळकर यांचा ‘बोक्या सातबंडे’ आहे. आकाशवाणीवरील श्रुतिकांतून जन्मलेला हा मुलगा शहरात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहून आपल्या अकलेने लोकांच्या अडचणी सोडवतो. त्याच्या साहसाचे क्षेत्र लहान, पण स्वतः निर्णय घेण्याचा आनंद तोच.

उलटपक्षी, प्रत्येक जुन्या पुस्तकाला पर्याय लागतोच असेही नाही. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ १९६१ ची; पण नादाला आणि विनोदाला वय नसल्यामुळे चार वर्षांचे मूल आजही ती ऐकून हसते. कवितेत लयच पुष्कळसा भार उचलते, शब्दकोशाची गरज त्या मानाने कमी पडते.

नव्या पुस्तकांत निवड करताना एक कसोटी पुरेशी आहे. कोणतेही एक पान मोठ्याने वाचून पाहावे. वाक्य जिभेवर अडखळले, माणसे मराठीत न बोलता भाषांतरात बोलू लागली, तर छपाई कितीही देखणी असो, पुस्तक परत ठेवावे. मुले अपरिचित शब्दाला फारशी भीत नाहीत. कृत्रिम वाक्याला मात्र कंटाळतात. जुन्यानव्याची सांगड घालावयाची असेल, तर पुरंदरे यांनीच संपादिलेले ‘वाचू आनंदे’ हे वयानुसार बेतलेले संकलन उपयोगी पडते. खर्चाची अडचण असेल, तर बालभारतीने १९७१ साली सुरू केलेले ‘किशोर’ मासिक आहे, आणि प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ पासून स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेली मराठी पुस्तकेही आहेत.

घरच्या फळीवर जुने पुस्तक काढून त्या जागी नवे ठेवावे, अशी ही अदलाबदल नव्हेच. नवे पुस्तक मुलाला मराठी वाचनाची सवय लावते, आणि त्या सवयीच्या बळावर ते पुढे जुन्यापर्यंत पोहोचते. ज्या घरात दोन्ही असतात, आणि त्यांतील एखादे रात्री पंधरा मिनिटे मोठ्याने वाचणारे कोणी असते, त्या घरातील मूल बाराव्या-तेराव्या वर्षी ‘श्यामची आई’ आपल्या हाताने उघडण्याचा संभव पुष्कळ आहे.