खाडा पडल्यानंतरचा दिवस

नवी सवय अंगवळणी पडायला 21 दिवस लागतात, हे आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की ते कोणी आणि कशावरून सांगितले, असा प्रश्नही मनात येत नाही. त्याचा माग काढत गेले की आपण मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनपाशी पोचतो. 1960 साली त्यांचे ‘सायको-सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आले. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातल्या नव्या रूपाची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले होते. पुढे सांगोवांगीत ‘किमान’ गळाले आणि चेहऱ्याच्या जागी पहाटे उठणे, व्यायाम, वाचन, बचत असे सगळेच येऊन बसले. यातून झालेले नुकसान लहान नाही. बाविसाव्या दिवशीही गजर नकोसा वाटला, तर माणूस त्या आकड्यावर शंका घेत नाही, स्वतःच्या कुवतीवर घेतो.

हा प्रश्न नीट मोजून पाहिला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा शोधनिबंध 2010 साली छापून आला. 96 स्वयंसेवकांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी गोष्ट निवडली. कोणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचे ठरवले, तर कोणी रात्रीच्या जेवणाआधी थोडे पळायचे. ही गोष्ट दिवसातल्या एकाच ठरावीक घटनेला जोडून 84 दिवस करायची होती. आज ती केली का, आणि करताना मनाला ढकलावे लागले की हात आपसूक तिकडे वळला, याची नोंद रोज करायची होती. ज्यांच्या नोंदींतून सवय घडतानाचा आलेख नीट उमटला, त्यांच्यात ती पक्की व्हायला लागलेल्या दिवसांचा मध्यक निघाला 66. पण खरी गोष्ट मध्यकापेक्षा दोन टोकांत आहे. एका टोकाला 18 दिवस, तर दुसऱ्या टोकाला 254. हा मोठा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, कारण अभ्यासच बारा आठवड्यांचा होता. तरीही त्याचा अर्थ स्पष्ट आहे. एकच मुदत सगळ्यांना लागू होत नाही. पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुजते, व्यायामाला बराच जास्त वेळ लागतो. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत आलेख झपाट्याने चढतो आणि मग त्याची चढण मंदावते. अनेकांना नेमके इथेच वाटते की आपली प्रगती थांबली.

याच अभ्यासातला एक निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. मध्ये एखाद्या दिवशी खाडा पडला, तरी सवय घडण्याच्या वाटचालीत लक्षात घेण्यासारखा फरक पडला नाही. साठलेले पुसले जात नाही. दुसऱ्या दिवशी आलेख जवळपास तिथूनच पुढे सरकतो.

मग एका खाड्याने वर्षाचा संकल्प का मोडतो? याचे उत्तर खाण्यावरच्या संशोधनात सापडते. 1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही विद्यार्थिनींना चव पारखण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम दिले. त्याआधी काहींना मिल्कशेक प्यायला लावला होता. पोटात मिल्कशेक गेला की आइस्क्रीम कमी खाल्ले जाईल, अशी आपली अपेक्षा असते. जेवणावर एरवी बंधन न घालणाऱ्यांच्या बाबतीत तसेच झाले. वजनासाठी खाणे सतत रोखून धरणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर उलट अधिक आइस्क्रीम खाल्ले. आजचा नियम मोडलाच आहे, तर आता राखायचे तरी काय, असा हा मनाचा हिशेब. हर्मन आणि जेनेट पोलिव्ही यांनी पुढे टोरांटोमध्ये या वृत्तीचा बारकाईने अभ्यास केला. घात मिल्कशेकने होत नाही, त्यानंतरच्या निवाड्याने होतो. दिवस वाया गेला, म्हणून आठवडा गेला, म्हणून ‘आता पुढच्या एक तारखेपासून’.

या निवाड्यावर काही उपाय आहे का, याचा एक सुंदर पुरावा 2021 साली ‘नेचर’मध्ये आला. कॅथरीन मिल्कमन, अँजेला डकवर्थ आणि अनेक शास्त्रज्ञांनी मिळून अमेरिकेतल्या एका जिम साखळीच्या 61,293 सभासदांवर चार आठवड्यांचे 54 वेगवेगळे कार्यक्रम एकाच वेळी करून पाहिले. आठवणीचे संदेश, बक्षिसे, गोड शब्द, सगळे त्यात होते. सर्वांत सरस ठरलेल्या कार्यक्रमात एक छोटीशी युक्ती होती. ठरलेल्या दिवशी येणे चुकले आणि पुढच्या खेपेला माणूस परत आला, तर जेमतेम नऊ सेंट किमतीचे जादा गुण त्याला मिळत. या गटाचे जिमला येणे तुलनेच्या गटापेक्षा 27 टक्क्यांनी वाढले. नऊ सेंटांत चहाचा घोटही येत नाही, तेव्हा ही पैशाची करामत नव्हे. माझ्या मते, खाड्यानंतरचा दिवस मोजण्याजोगा आहे, हे कोणीतरी आधीच सांगून ठेवले होते, त्याचे हे बळ असावे. मात्र चार आठवडे संपल्यावरही ज्यांचा परिणाम टिकलेला दिसला, असे कार्यक्रम फारच थोडे होते, तेही विसरून चालणार नाही.

दुसरी मदत जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्याकडून मिळते. ‘मी व्यायाम करीन’ या इच्छेला त्यांनी वेळ आणि जागा जोडून दिली. अमुक घडले की मी तमुक करीन, असे आधीच ठरवायचे. ब्रिटनमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 248 जणांना तीन गटांत विभागले होते. काहीच विशेष न सांगितलेल्यांपैकी 38 टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. हृदयविकाराचा धोका समजावून सांगितलेल्यांपैकी 35 टक्क्यांनी. तीच माहिती देऊन शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, हेही ज्यांच्याकडून लिहून घेतले, त्यांच्यात हा आकडा 91 टक्क्यांवर गेला. वर्षभराचे यश एका आठवड्यावरून सांगता येणार नाही. तरीही केवळ प्रेरणेच्या भाषणांवर आपण किती भिस्त ठेवतो, याचा विचार करायला हे आकडे भाग पाडतात. तिन्हीसांज झाली की तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या आजीला त्यासाठी उत्साह गोळा करावा लागत नाही. तिची खूण आभाळातच असते.

आपल्याकडचा चातुर्मासाचा नेम मला या दृष्टीने फार शहाणा वाटतो. आषाढी एकादशीला सुरुवात, कार्तिकीला समाप्ती, एकच नेमकी गोष्ट, आणि ती घरातल्या सर्वांना ठाऊक. मुदत सुमारे चार महिन्यांची, म्हणजे लॅलींच्या मध्यकाच्या जवळपास दुप्पट. अशा ठळक दिवसांचे बळ आता मोजलेही गेले आहे. हेंगचेन डाय, मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 साली दाखवले की आठवडा, महिना, वर्ष आणि शैक्षणिक सत्र सुरू होताना जिमला जाण्याचे प्रमाण वाढते. पाडवा आणि दसरा यांचा उपयोग तसा करून घ्यावा. मात्र बुधवारी मोडलेला नेम सोमवारपर्यंत टांगून ठेवायला याच दिवसांची सबब पुढे केली जाते, आणि ती सर्वांत घातक.

संकल्पाचे शब्दही महत्त्वाचे असतात. स्वीडनमध्ये 2017 च्या अखेरीस नववर्षाचे संकल्प करणाऱ्या 1,066 जणांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला. ‘अमुक करीन’ असे ठरवणाऱ्यांपैकी सुमारे 59 टक्के स्वतःला यशस्वी म्हणत होते, ‘अमुक टाळीन’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे 47 टक्के. आकडे लोकांनी स्वतःच सांगितलेले आहेत, त्यामुळे थोडे हात राखून घ्यावेत. तरी ‘मोबाइल बघणार नाही’ यापेक्षा ‘जेवण झाले की दहा पाने वाचीन’ असे ठरवायला काय हरकत आहे?

तेव्हा यंदाचा संकल्प वहीत लिहाल तेव्हा दोन ओळी लिहा. पहिलीत कशानंतर, कुठे आणि काय करणार ते. दुसरी ओळ खाड्यासाठी ठेवा: एक दिवस चुकला, तर लगेच दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, निम्मे का होईना, मी ते करीन. ही दुसरी ओळ आजच लिहून ठेवा, कारण खाडा पडेल त्या संध्याकाळी ती सुचणार नाही.