खिशातल्या पुंगळ्या आणि कमरेवरची काडतुसं

रिव्हॉल्वरची जादा काडतुसं कशी बाळगावीत, हा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. ५ आणि ६ एप्रिल १९७० च्या मध्यरात्री, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला न्यूहॉलजवळ, कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांनी एक संशयित गाडी अडवली. पुढच्या पाचेक मिनिटांत चार तरुण अंमलदार मारले गेले: रॉजर गोर, वॉल्ट फ्रॅगो, जॉर्ज ॲलेन आणि जेम्स पेन्स. पेन्सने रिव्हॉल्वरमधल्या सहाही गोळ्या झाडल्या होत्या आणि तो जखमी अवस्थेत ते पुन्हा भरत होता. गोष्ट सांगणारे इथे थांबतात आणि आवाज खाली आणून म्हणतात की त्याच्या पँटच्या खिशात सहा रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. सरावाच्या मैदानावर पुंगळ्या वेचून खिशात ठेवायची सवय त्याला लागली होती, म्हणून मृत्यू समोर असतानाही त्याने त्या खिशात टाकल्या, त्यात क्षण गेले आणि जीव गेला. ही गोष्ट इतकी बांधीव आहे की ती तपासून पाहावी असं कुणाला वाटत नाही. ती खरी नाही.

माइक वूड यांनी या घटनेची तपासाची कागदपत्रं, छायाचित्रं आणि साक्षी नव्याने पाहून २०१३ मध्ये एक सविस्तर पुस्तक लिहिलं. त्यातला निष्कर्ष स्पष्ट आहे: पेन्सच्या पुंगळ्या घटनास्थळी जमिनीवर पडलेल्या होत्या. त्याने सिलिंडर उघडलं, पुंगळ्या बाहेर ढकलल्या आणि लगेच काडतुसांकडे हात नेला, म्हणजे जे करायला हवं होतं तेच केलं. त्या काळी अनेक ठिकाणी मैदान स्वच्छ राहावं म्हणून पुंगळ्या हातात झेलायला लावत, हे खरं. पण मैदानावरची एक वाईट पद्धत खरी आहे म्हणून त्या रात्रीचा खिसा खरा ठरत नाही. मग वेळ गेला कुठे? तो गेला पुंगळ्यांनंतरच्या कामात, आणि ते काम इतकं वेळखाऊ का होतं याचं उत्तर पेन्सच्या कमरेवर होतं.

तेव्हाच्या पोलिसी कंबरपट्ट्यावर जादा काडतुसांसाठी चामड्याची झाकणवाली छोटी डबी असे, तिला डंप पाऊच म्हणत. झाकणाचं बटण काढलं की डबी पुढे कलंडते आणि सहा सुटी काडतुसं तळहातावर ओतली जातात. दिसायला ही सोय फार नेटकी: पट्ट्याला चपटी बसणारी, धूळपाऊस आत न जाऊ देणारी, गणवेशाला शोभणारी. पण तळहातावर ती कशीही पडतात. एकेक बोटाने सरळ करायचं, टोक पुढे आणायचं, सिलिंडरच्या एका घरात सरकवायचं, आणि हेच सहा वेळा, उरलेली न सांडता. उजेडात, उभं राहून, कुणी गोळ्या झाडत नसताना हे जमतं. अंधारात, छातीत आणि पायांत गोळ्या लागलेल्या माणसाच्या बोटांकडून ही कारागिरी मागणं म्हणजे त्याच्या हातात आधीच हरलेलं साधन देणं. न्यूहॉलनंतर कॅलिफोर्निया महामार्ग पोलिसांनी स्पीडलोडर, म्हणजे सहाही काडतुसं एकदम सिलिंडरमध्ये सोडणारं साधन, स्वीकारले. खात्याला दोष कुठे होता ते कळलं होतं. गोष्ट सांगणारे मात्र खिसाच धरून बसले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: गोष्ट खोटी असली म्हणून काय झालं, शिकवण तर खरी आहे ना? सराव जसा, तशीच लढताना कृती. शिकवण मलाही मान्य आहे. पण ती पटवायला मेलेल्या माणसाच्या नावावर न केलेली चूक लादण्याचा अधिकार कुणाला नाही. आणि नुकसान न्यायापुरतंच नाही. दोष सवयीचा ठरला की साधनाची चौकशी थांबते. ‘मी पुंगळ्या खिशात टाकत नाही’ एवढ्या समाधानावर माणूस सुटी काडतुसं बाळगत राहतो, म्हणजे पेन्सला जे नडलं तेच जवळ ठेवतो. दुसरा आक्षेप वेगाचा. जेरी मिक्युलेकने १९९९ मध्ये सहाबारी रिव्हॉल्वरमधून बारा गोळ्या, मधल्या भरण्यासकट, २.९९ सेकंदांत झाडल्या, तेव्हा कौशल्य असलं की साधन गौण, असं म्हणतात. पण त्या विक्रमात काडतुसं मून क्लिपमध्ये, म्हणजे धातूच्या पातळ चकतीत, एकत्र अडकवलेली होती, सहाही एका हालचालीत आत जात होती. जगातल्या सर्वांत वेगवान हातांनीसुद्धा सुटी काडतुसं निवडली नाहीत.

मग सुटसुटीत म्हणजे काय? हा शब्द फार ढिला वापरला जातो, म्हणून मोजमाप पाहू. .३८ स्पेशल काडतुसाची बुडाची कड सुमारे ११ मिलिमीटर रुंद असते आणि लांबी ४० मिलिमीटरच्या आत. स्पीडलोडर सहाही काडतुसं सिलिंडरच्याच वर्तुळात धरतो, म्हणून त्याची जाडी सिलिंडरएवढी, मध्यम चौकटीच्या रिव्हॉल्वरला साडेतीन सेंटिमीटरांच्या पुढे. ही जाडी कमी करता येणार नाही, कारण तेच वर्तुळ त्याचा वेग आहे. रबरी पट्टी, म्हणजे स्पीड स्ट्रिप, तीच काडतुसं एका ओळीत धरते, तेव्हा जाडी जेमतेम एका काडतुसाची. ती शर्टाच्या खिशातही दिसत नाही. त्या बदल्यात दोन-दोन काडतुसं शेजारच्या घरांत घालून पट्टी सोलावी लागते, म्हणजे सहासाठी तीन खेपा. वेग आणि चपटेपणा एकाच वस्तूत मिळत नाहीत. पट्ट्यावर जागा असेल तर स्पीडलोडर, फक्त खिसाच असेल तर पट्टी. आणि पट्टीसुद्धा काडतुसं एका दिशेने, एका रांगेत, मोजून हातात देते. डंप पाऊच यातलं काहीच करत नाही, म्हणून चपटा असूनही तो सुटसुटीत नव्हे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. स्पीडलोडर हा अलीकडचा शोध नाही. वेब्ली रिव्हॉल्वरसाठी प्रिडो यांनी ब्रिटनमध्ये १८९३ मध्येच पेटंट घेतलं होतं. मून क्लिप सगळ्याच रिव्हॉल्वरना चालत नाही, सिलिंडरची मागची बाजू तेवढी तासलेली लागते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने तिचा अर्धा भाऊ, तीन काडतुसांचा, वापरला तो पिस्तुलाची बिनकडेची .४५ काडतुसं १९१७ च्या मॉडेलच्या रिव्हॉल्वरमध्ये बसावीत म्हणून. ‘.३८ चा लोडर’ अशी सरसकट वस्तू नसते, घरांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर जुळावं लागतं. पाच घरांच्या छोट्या रिव्हॉल्वरला सहाचा लोडर निरुपयोगी. चामड्याच्या पट्ट्यातल्या कड्यांत काडतुसं वर्षानुवर्षं ठेवली तर ती सुरक्षित राहतात हेही चूक, कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा थर चढतो आणि काडतूस घरात अडकतं. किल्ल्या-नाण्यांच्या खिशात सुटं काडतूस टाकणाऱ्यालाही हेच लागू: धाग्याची गुंडी किंवा नळकांड्यावरचा बारीकसा पोचा सिलिंडर फिरू न द्यायला पुरतो.

शिकवणाऱ्यांना एकच विनंती. न्यूहॉलचा दाखला जरूर द्या, पण त्यात खिसा घालू नका, पाऊच दाखवा. पेन्सच्या पुंगळ्या जमिनीवर होत्या.