पाठवणाऱ्याने सांगितलेली लांबी

वायफायची यादी उघडली की अख्खी सोसायटी बोलू लागते. कुणी नुसते आडनाव लावलेले असते, कुणी 'पासवर्ड मागू नये' अशी पाटीच टांगलेली असते. राउटर आपले नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारत असतो. जोडणी व्हायच्या, पासवर्ड विचारला जायच्याही आधी आपला फोन ते वाचून मोकळा होतो. हे वाचण्याचे काम करणारा ड्रायव्हर बहुधा कर्नलच्या आत, म्हणजे यंत्राच्या गाभाऱ्यात, बसलेला असतो. म्हणून तिथली चूक महागात पडते.

या पुकाऱ्यातल्या प्रत्येक घटकाची मांडणी सोपी आहे: पहिला बाइट प्रकार सांगतो, दुसरा लांबी, आणि पुढे मजकूर. नावाला कमाल ३२ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीत अक्षर, काना, वेलांटी आणि हलन्त प्रत्येकी ३ बाइट खातात. त्यामुळे 'गणेशकृपा' २४ बाइटमध्ये बसते, 'श्रीगणेशकृपा' मात्र ३६ वर जाऊन बाहेर राहते. पण लांबीच्या बाइटमध्ये २५५ पर्यंत काहीही लिहिता येते. ड्रायव्हरने ३२ बाइटची जागा राखली आणि पाठवणाऱ्याच्या शब्दावर विसंबून २०० बाइट उतरवून घेतले, तर शेराच्या मापात पायली ओतल्यासारखे होते. सांडलेले शेजारच्या स्मृतीवर पडते. तिथे फंक्शनचा परतीचा पत्ता असेल, तर पुढे कुठे जायचे ते हल्लेखोर ठरवतो.

२००६ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड मेनर आणि जॉन एल्च यांनी ब्लॅक हॅट परिषदेत वायफायमधून लॅपटॉपचा ताबा घेण्याचे प्रात्यक्षिक दाखवले आणि वादळ उठले. त्याच नोव्हेंबरात ब्रॉडकॉमच्या विंडोज ड्रायव्हरमधली एल्चला सापडलेली चूक जाहीर झाली. ती नेमकी वर सांगितलेलीच होती: प्रमाणाबाहेर लांब नाव.

इतकी ढोबळ चूक आता कोण करणार, असे वाटते. मला विचाराल तर खरा धोका तपासणी मुळीच नसलेल्या कोडमध्ये नसून अर्धवट तपासणी असलेल्या कोडमध्ये आहे. वाचणाऱ्याला 'इथे पाहिलेले दिसते' असे वाटते आणि तो पुढे सरकतो. २०१९ मध्ये निको वाइसमन यांनी उघड केलेली लिनक्सच्या रिअलटेक ड्रायव्हरमधली चूक याचा नमुना आहे. दोन उपकरणे थेट जोडलेली असताना एक दुसऱ्याला 'अमुक वेळ मी गैरहजर असेन' असे कळवते. त्यातली प्रत्येक नोंद १३ बाइटची असते. लांबीतून २ वजा करून उरलेल्याला १३ ने निःशेष भाग जातो का, हे ड्रायव्हर काटेकोरपणे बघत होता आणि न गेल्यास 'लांबी चुकीची' अशी तक्रारही नोंदवत होता. पण भागाकार किती आला, हे कुणी बघितलेच नव्हते. जागा दोन नोंदींची होती आणि पाठवणारा त्याहून कितीतरी जास्त पाठवू शकत होता. दुरुस्ती दोन ओळींची झाली: संख्या दोनापेक्षा जास्त असेल तर दोनच धर.

अशा जागा डोळ्यांनी वाचून सापडतात, पण डोळे थकतात. म्हणून दुसरी वाट फझिंगची: वेडीवाकडी पाकिटे बनवून ड्रायव्हरवर अखंड मारा करायचा. त्याला अँटेनाही लागत नाही, कारण लिनक्समध्ये खोटा रेडिओ उभा करण्याची सोय आहे. कासान नावाचा पहारेकरी राखलेल्या स्मृतीभोवती निषिद्ध पट्टे आखतो आणि कुणी एका बाइटनेही आत पाऊल टाकले की बोंब मारतो.

डार्मस्टाटच्या तंत्रविद्यापीठातल्या सोंके हुस्टर यांनी २०२२ मध्ये फझिंगनेच लिनक्सच्या वायफाय गाभ्यातल्या अनेक चुका बाहेर काढल्या. त्यातली एक मला फार आवडते. घटकाच्या लांबीत शीर्षाचे दोन बाइट मिळवून बेरीज ठेवायची, इतकाच हिशेब. पण बेरजेचे खाते एकाच बाइटचे होते. २५५ अधिक २ म्हणजे २५७ त्यात मावत नाहीत, आणि खात्यात उरतो १. परिणामी २५६ बाइट जास्तीचे उतरवले जात. ही ओळ शंभर जणांनी वाचली तरी नव्याण्णव जण मान डोलावतील. दुरुस्ती म्हणाल तर फक्त खात्याचा आकार मोठा केला.

चिपच्या आतल्या फर्मवेअरचे प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथे मूळ कोड हाती नसतो. तरी २०१७ मध्ये गुगलच्या गॅल बेनियामिनी यांनी आणि नंतर निताय आर्टेनस्टाइन यांनी ब्रॉडकॉमच्या चिपमध्ये हवेतून शिरून दाखवले.

एक चूक सापडली की जाणकार तिची भावंडे शोधतो. रिअलटेकची ती चूक शेजारच्या दुसऱ्या फंक्शनमध्येही तशीच होती आणि त्याच दोन ओळी तिथेही घालाव्या लागल्या. मार्व्हेलच्या ड्रायव्हरमध्ये २०१९ च्या मध्याला एक निघाली, आणि वर्ष संपेपर्यंत आणखी कितीतरी. शोध मागे सरकत 'लिबर्टास' या मार्व्हेलच्याच जुन्या ड्रायव्हरपर्यंत गेला. मुलांसाठीच्या एक्सओ या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचे वायफाय याच ड्रायव्हरवर चालायचे. ते लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेतही आले होते.