जहाजावरचे घर : सौदा करण्यापूर्वी

जहाजाची नोकरी आपल्या कोकणी बांधवांना नवी नाही. पैसे भरून बारा महिने जहाजावरच राहायचे, हा प्रकार मात्र नवा. २००२ साली 'द वर्ल्ड' हे १६५ घरांचे जहाज निघाले. ते राहणाऱ्यांच्याच मालकीचे आहे, पण ती धनिकांची गोष्ट. २०२४ साली निघालेले 'व्हिला व्ही ओडिसी' त्या मानाने स्वस्त. खोली विकत घ्यायची, वर दरमहा खर्चाची रक्कम भरायची. आम्हाला ही मुंबईची पगडीच वाटते. फरक इतकाच की जहाज मोडीत निघाले की खोलीही गेली. आणि हे जहाज १९९३ सालचे आहे. दुरुस्तीपायी निघण्याआधीच ते बेलफास्टला चार महिने अडकले होते.

'लाइफ अॅट सी'चा किस्सा याहून वाईट. तीन वर्षांच्या सफरीचे पैसे घेतले, जहाज मात्र खरेदी झालेच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सफर रद्द. काहींनी तोवर राहती घरे विकली होती! ताब्यात नसलेला माल विकू नये, असे आपली शरीयत सांगते. थान उलगडून पाहिल्याशिवाय आम्ही बयाणा देत नाही. इथे आधी जहाज कोणाच्या नावावर आहे ते पाहावे.

जहाजावर दवाखाना असतो, पण मोठ्या ऑपरेशनला किनारा गाठावा लागतो. भारतीय पासपोर्टवर बहुतेक देशांचा व्हिसा आधी काढावा लागतो. शेंजेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. जहाज वळले की किब्ला बदलतो, म्हणून होकायंत्र जवळ हवे. हलाल गोश्त मिळेल का, हे लेखी घ्यावे. नाहीतर मासळी-भाजीवर भागवावे लागेल.