जिन्यातली वीज (लेखांक ७) : सांधा तापतो, पट्टी नाही

मागच्या आठवड्यात आपण मीटररूमपर्यंत आलो होतो. आता वर चढू. जिन्यालगतच्या डक्टमधले सोसायटीचे झाडू, उरलेल्या टाइल्स आणि इंटरनेटच्या वायरींचा गुंता बाजूला सारला की पत्र्याची एक उभी पेटी दिसते. तिला ‘रायझर’ म्हणतात. आत चार पट्ट्या असतात, तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. हे बसबार. यातली ‘बस’ आणि रस्त्यावरची बस एकाच लॅटिन शब्दातून आल्या आहेत : ओम्नीबस, म्हणजे सगळ्यांसाठी. मजल्यामजल्यावर हिचाही थांबा असतो, त्याला टॅप-ऑफ बॉक्स म्हणतात.

मुंबईतल्या एका चौदा मजली इमारतीत मला बोलावलं होतं. दुसऱ्या मजल्यावर रोज रात्री जळका वास यायचा. घरोघरचे एसी सुरू झाल्यावर थर्मल कॅमेरा धरला. पेटीचा पत्रा ४१ अंश, पट्टीला पट्टी बोल्टने जोडलेल्या सांध्यापाशी मात्र ९६. सेक्रेटरी म्हणाले, “साहेब, चाळीस वर्षं झाली. सगळंच काढून टाकू या का?”

घाई नको, म्हटलं. पट्टी सहसा म्हातारी होत नाही, सांधा होतो. दहा मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ५० अंशांनी तापली तर साडेअकरा मिलिमीटर वाढते, बोल्टचं पोलाद त्याच्या जेमतेम निम्मं. रोज रात्री तापायचं, पहाटे निवायचं. यात बोल्टची पकड सुटत जाते. सैल जागी हवा शिरते, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज अडवतो. हिशेब करून बघा. सांध्याचा रोध एक मिलिओहम झाला आणि त्यातून ५०० अँपिअर वाहत असले, तर तिथे २५० वॉट उष्णता तयार होते. पंचवीस वॉटच्या दहा सोल्डरिंग आयर्न एका मुठीत धरल्यासारखं. धडधाकट सांध्यात हीच उष्णता दोन-तीन वॉट असते. आणि दुखणं दुसऱ्या मजल्यावरच का? वरच्या सगळ्या मजल्यांचा करंट खालच्या सांध्यांतूनच जातो म्हणून.

सप्लाय बंद करून सांधा उघडला. दोन फेजच्या टोकांवरचा मुलामा जळून काळा पडला होता. नुसता मळ असता तर घासून, कॉन्टॅक्ट कंपाउंड लावून, नव्या स्प्रिंग वॉशरवर बोल्ट टॉर्क रेंचने आवळून भागलं असतं. इथे तुकडाच बदलायला हवा होता, आणि तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. एका कंपनीचा रायझर दुसरीच्या सांध्यात बसत नाही. पट्टीची रुंदी, जाडी, दोन पट्ट्यांमधलं अंतर, सगळंच वेगळं.

इथे माझं डोकं फिरतं ते लोहार चाळीच्या बाजारातून जुना टॅप-ऑफ बॉक्स आणून, त्याचे जबडे कानशीने घासून ‘बसवून देणाऱ्यां’वर. बसतो खरा. पण शॉर्टसर्किट झाला की करंटच्या वर्गाच्या प्रमाणात पट्ट्या एकमेकींना ढकलतात. कानशीच्या हिशेबात ते बसत नाही.

सरळ मार्ग म्हणजे दोन्ही टोकांची मापं आणि फेजचा क्रम टिपून, चाचणी करून देणाऱ्या कारखान्याकडून जोडतुकडा घडवून घ्यायचा. आम्ही तोच धरला. पण त्याआधी सगळ्या मजल्यांवर इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला. बाथरूमची गळती डक्टमध्ये उतरून इन्सुलेशन सगळीकडेच खालावलेलं असतं, तर मीही पूर्ण रायझर बदला असंच सांगितलं असतं. जागा असेल तर नवा रायझर जुन्याशेजारी उभा करून एकेक मजला त्यावर घेता येतो, इमारत आठवडाभर अंधारात राहत नाही. नव्या ‘सँडविच’ प्रकारात पट्ट्या इन्सुलेशनसह एकमेकींना चिकटून असतात. जुन्या पोकळ पेटीतून आग लागल्यावर धूर धुराड्यासारखा वर चढतो, तसा यातून चढत नाही. आणि न्यूट्रल पूर्ण मापाचा घ्या. जुन्या कामांत तो निम्म्या मापाचाही सापडतो. आताचे एलईडी, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी यांचे तिसरे हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारतेचे करंट, तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकत्र होतात, एकमेकांना खोडत नाहीत.

जोडतुकडा रविवारी पहाटे बसवला. आवळलेल्या बोल्टवरून पट्टीपर्यंत पांढऱ्या मार्करने रेघ ओढली. बोल्ट सैल झाला की रेघ तुटते. ती दिसावी म्हणून झाकणाला आरपार दिसणारी छोटी खिडकी ठेवली आहे. त्या रात्री सगळे एसी चालू असताना पुन्हा कॅमेरा धरला : ४४ अंश.